मदत हवी आहे: 'फेब्रुवारी'तला पहिला 'र' इंग्रजीत का गळतो?

नमस्कार मंडळी,

भाषाशास्त्र शिकलेलं कुणी इथे असेल तर थोडा वेळ द्या. मला लेकीला नीट उत्तर द्यायचं आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक पाचवीत आहे, जन्म इथलाच. फ्रिजवर कालनिर्णय लावलेलं असतं, त्यामुळे महिन्यांची नावं ती आधी मराठीत शिकली आणि 'फेब्रुवारी'तला 'ब्रु' तिच्या तोंडात पक्का बसला. वर्गात ती इंग्रजी बोलतानाही 'फेब्रुअरी' म्हणाली आणि मुलं हसली, कारण ती सगळी 'फेब्युअरी' म्हणतात. घरी आली ती दप्तरासकट फ्रिजपाशी गेली, 'ब्रु'च्या पायातल्या तिरक्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई, र आहे ना इथे? मग ते का नाही म्हणत?"

मी सांगितलं की एकाच शब्दात दोन 'र' जवळ आले की जीभ अडखळते, म्हणून एक गळतो. त्यात 'जॅन्युअरी' शेजारीच, तिच्या चालीवर 'फेब्युअरी' होतं. आता तर मेरियम-वेबस्टरच्या कोशातही दोन्ही उच्चार दिलेले आहेत. मग आम्ही दोघी कान देऊन ऐकायला लागलो. 'लायब्ररी'चं 'लायबेरी', 'सरप्राइज'चं 'सप्राइज', 'गव्हर्नर'चं 'गव्हनर'. लिहायचं 'कोलोनेल' (colonel) आणि म्हणायचं 'कर्नल', हे कोडंही इथेच सुटलं. मूळ इटालियन शब्दात दोन 'ल' होते, फ्रेंचांनी त्यातल्या एकाचा 'र' केला. इंग्रजीने पुढे स्पेलिंग 'ल'चं ठेवलं आणि उच्चार 'र'चा.

पण लेकीने लगेच विचारलं, "मग 'कॉन्ट्ररी'तला का नाही गळत?" तिथे मी अडले. 'लायब्ररी' आणि 'कॉन्ट्ररी' दोन्हींत आघात पहिल्या अक्षरावर, दोन्हींत 'र' तितकेच जवळ. 'कॉन्ट्ररी' कमी वापरातला शब्द म्हणून तो टिकला, की 'ट्र' आणि 'ब्र' यांत काही फरक आहे? हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा जास्त जिव्हाळ्याचा आहे. तिच्या वर्गातली एक कृष्णवर्णीय मैत्रीण 'आस्क'ला 'ॲक्स' म्हणते. परवा तिला सगळ्यांसमोर उभं करून तो शब्द तीनदा म्हणायला लावला. लेक सांगत होती, तिसऱ्या वेळी तिचा आवाजच फुटेना. ऐकून माझा जीव कळवळला.

हा वर्णविपर्यय आहे, म्हणजे शब्दातल्या वर्णांची अदलाबदल, एवढं मला कळतं. इंग्रजीत तो जुनाच आहे. आजचा 'बर्ड' एके काळी 'ब्रिड' होता, आणि 'थ्री'वरून आलेल्या 'थर्ड'मध्ये 'र' जागा सोडून पुढे गेलेला दिसतोच. 'ॲक्स'ची दोन्ही रूपं तर जुन्या इंग्रजीपासून आहेत. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीने 'ॲक्स' वापरलं, आणि 1535 च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलात 'मागा म्हणजे तुम्हाला दिलं जाईल' या वचनात 'मागा'च्या जागी हाच शब्द आहे. मग 'बर्ड' शुद्ध आणि 'ॲक्स' अडाणी, हे कुणी आणि कधी ठरवलं?

'न्यूक्लिअर'चं 'न्युक्युलर' आयझेनहॉवर म्हणायचे, धाकटे बुशही म्हणायचे. त्याचं कारण मला पटतं: सर्क्युलर, मस्क्युलर, पर्टिक्युलर असे शब्द ढीगभर आहेत आणि '-क्लिअर'ने संपणारे फारसे नाहीत, म्हणून जीभ ओळखीच्या साच्याकडे वळते. टीका त्यांच्यावरही झाली, पण दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले. दहा वर्षांच्या मुलीला मात्र वर्गात उभं राहावं लागतं.

हे मला इतकं लागण्याचं एक कारण घरातलंच आहे. माझी आजी सातारकडची. ती 'नुकसान'ला 'नुस्कान' आणि 'मतलब'ला 'मतबल' म्हणायची. शाळेत जायला लागल्यावर मी तिला दर वेळी दुरुस्त करायचे आणि ती गप्प बसायची. तिच्या तोंडात घडत होतं ते 'ब्रिड'चं 'बर्ड' होताना घडलं तेच, हे तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं.

लेकीच्या शिक्षिकांना मी पुढच्या गुरुवारी भेटणार आहे. भांडायचं नाही, समजावून सांगायचं आहे. त्याआधी दोन गोष्टी मिळाल्या तर फार मदत होईल. एक, 'ॲक्स'ची हेटाळणी साधारण कोणत्या काळात सुरू झाली, हे कुणी अभ्यासलं असेल तर सांगा. दुसरं, आपल्या मराठीत दोन सारखे वर्ण जवळ आल्यामुळे एक गळला किंवा बदलला, असे दोन-चार शब्द द्या. नुस्कान-मतबलमध्ये वर्णांची अदलाबदल आहे, मला गळतीची उदाहरणं हवी आहेत. लेकीने त्यासाठी वहीचं एक पान कोरं ठेवलं आहे.