मेझ तुरुंगातले दहा मृत्यू : सरकारचा हट्ट की नेतृत्वाचा हिशेब?

पायवाट (धागाकर्ता)
परवा बॉबी सँड्सचा विषय निघाला. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा हा कैदी. काढून घेतलेला विशेष दर्जा परत मिळावा म्हणून १९८१ मध्ये तिथल्या मेझ तुरुंगात उपोषण झालं, त्यात तो आणि आणखी नऊ कैदी गेले. तेव्हा एक मित्र म्हणाला, "दहशतवादी होता, स्वतःहून उपाशी मेला, संपलं." मला तो विषय तिथे संपलेला वाटत नाही.

१९७२ मध्ये बिली मकी आणि सहकाऱ्यांच्या उपोषणानंतर ब्रिटिश सरकारने उत्तर आयर्लंडमधल्या अशा सशस्त्र लढ्यातल्या कैद्यांना विशेष दर्जा दिला. स्वतःचे कपडे घालायची मुभा होती, तुरुंगातलं काम नव्हतं. १ मार्च १९७६ नंतरच्या गुन्ह्यांसाठी तो दर्जा काढून घेतला. त्याच सप्टेंबरात कीरन न्यूजंटने कैद्याचा गणवेश नाकारला आणि नुसतं ब्लँकेट गुंडाळून बसला. त्याच्यामागे शेकडो जण तसेच बसले. १९७८ पासून तर आंघोळही बंद, कोठडीच्या भिंती विष्ठेने माखलेल्या.

कपड्यांसाठी कुणी एवढं सोसतं का? पण मुद्दा कपड्यांचा नव्हताच. पकडताना वेगळा कायदा, खटला ज्यूरी नसलेल्या डिप्लॉक कोर्टात, आणि शिक्षा भोगायला लागल्यावर म्हणे तुम्ही साधे गुन्हेगार! सरकारने आपल्या सोयीने दोन्ही बाजूंनी बोलायचं ठरवलं होतं. त्या दहा मृत्यूंची जबाबदारी मी ब्रिटिश पंतप्रधान थॅचर यांच्या सरकारवर टाकतो.

उंबरठा
पायवाट, तुमच्या लेखात तुरुंगाबाहेरचं एकही प्रेत नाही. ९ एप्रिल १९८१ ला सँड्स ३०,४९३ मतं घेऊन खासदार झाला. त्याच्या दोनच दिवस आधी डेरीत जनगणनेचे फॉर्म गोळा करणाऱ्या एका तरुण आईला गोळी घालून मारलं. रिपब्लिकनांनी, म्हणजे सँड्सच्याच बाजूच्यांनी, जनगणनेवर बहिष्कार टाकला होता. त्या काळात तुरुंगाचे रक्षकही घराजवळ गाठून मारले गेले. त्यांना कुणी कसला दर्जा दिला? बंदूक उचलणाऱ्याने उपोषण केलं म्हणून तो सत्याग्रही होत नाही.

शेवंतीची वेणी
सत्याग्रही कुणी म्हटलंय? आयर्लंडच्या जुन्या कायद्यात ज्याने अन्याय केला त्याच्या दारात उपाशी बसायची रीत होती. आपल्याकडे देणेकऱ्याच्या दारात धरणं धरत, अगदी तसंच. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी १९२० मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर गेले. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांनी गेले, तेव्हा मॅक्स्विनी कुटुंबाने शोकाची तार पाठवली होती. भगतसिंग आणि जतीनदाही राजकीय कैद्याची वागणूकच मागत होते. त्यांना हुतात्मा म्हणायचं आणि सँड्सला नुसता गुन्हेगार, हे मला जमत नाही.

उंबरठा
जतीनदांची तुलना मला पटत नाही. पण तारेचं माहीत नव्हतं, ते सांगितलंत हे बरं केलंत.

तिसरा प्रहर
तुम्ही दोघंही सरकार आणि कैदी एवढंच बघताय. तुरुंगात कैद्यांचे प्रसिद्धिप्रमुख असलेल्या रिचर्ड ओरॉ यांनी पुढे लिहिलं की जुलैच्या सुरुवातीला सरकारकडून आलेला प्रस्ताव आतल्यांना मान्य होता, बाहेरच्या नेतृत्वाने तो नाकारला. आयआरएशी जोडलेल्या सिन फेन पक्षाचे नेते हे साफ फेटाळतात. पण तोवर चौघे गेले होते, सहा जण त्यानंतर गेले. ओरॉ खरं बोलत असतील तर त्या सहांचा हिशेब फक्त थॅचरबाईंकडे मागून चालणार नाही.

पायवाट
तिसरा प्रहर, हा मुद्दा मला टाळता येत नाही. पण माझाही एक प्रश्न आहे. उपोषण ३ ऑक्टोबरला सुटलं आणि अवघ्या तीन दिवसांत उत्तर आयर्लंडचा कारभार पाहणारे नवे ब्रिटिश मंत्री जिम प्रायर यांनी स्वतःचे कपडे घालायची परवानगी देऊन टाकली. जे ६ ऑक्टोबरला देता आलं, ते मे महिन्यात का नाही?

उंबरठा
कारण मे महिन्यात दिलं असतं तर सरकार उपोषणापुढे झुकलं असं झालं असतं. मग पुढच्या प्रत्येक मागणीसाठी कुणीतरी जेवण सोडलं असतं. कुठलंच सरकार ते होऊ देणार नाही.

शेवंतीची वेणी
ते थांबलं कसं तेही बघा. कैदी बेशुद्ध पडला की उपचारांचा निर्णय घरच्यांच्या हातात येई. फादर डेनिस फॉल घरच्यांना हेच समजावत होते, आणि रिपब्लिकनांचा त्यांच्यावर राग होता. ३१ जुलैला पॅडी क्विनच्या आईने डॉक्टरांना होकार दिला. तो वाचला. दुसऱ्याच दिवशी केव्हिन लिंच गेला, त्यानंतर आणखी तिघे. पण पुढे एकेका घराने तोच होकार दिला.