ट्रंकभर पोथ्या निघाल्या आहेत. तुम्ही काय केलंत?

इंदूरच्या रामबागेतला आमचा वाडा बिल्डरला दिला. आम्ही सुदामानगरच्या फ्लॅटवर चाललो आहोत. माळ्यावरून सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृताच्या तीन प्रती, लाल फडक्यात बांधलेलं गुरुचरित्र, व्रतांच्या चोपड्या आणि गणपती छापलेल्या निदान दोनशे लग्नपत्रिका. अर्ध्याहून अधिक ऐवजाची कसरीनं चाळण केली आहे. पान उचललं की हातात भुगा येतो.

दीर म्हणाले, नर्मदेत सोडा. मुलगा म्हणाला, सुका कचरा आहे, निगमची गाडी सकाळी येतेच. कामाला येणाऱ्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "होली आ रही है बाई, जला दो." त्यावर घर एकदम गप्प झालं. जाळा हा शब्द कुणालाच सोसवेना. मग मला प्रश्न पडला की अख्खा माणूस आपण अग्नीला देतो, मग पोथीच का नाही?

मतं भरपूर मिळतात, टीव्हीवर रोज रात्री आरडाओरडा चाललेलाच असतो. मला अनुभव हवे आहेत. तुम्ही स्वतः काय केलंत, किंवा घरात काय झालेलं पाहिलंत, ते लिहा.

मोरटक्का रिटर्न
सगळ्यात आधी सांगतो: नर्मदेत सोडू नका. बाबा गेल्यावर त्यांच्या पोथ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोरटक्क्याच्या पुलावरून टाकल्या. पिशवीला गाठ मारली होती, आत हवा राहिली. ती बुडेचना. खांबाला अडकून गोल गोल फिरत राहिली आणि आम्ही चौघं वरून बघत राहिलो. मागून ट्रकवाला हॉर्न देतोय, आई रडतेय. शेवटी नावाड्यानं बांबूनं ढकलली. पुढे ओंकारेश्वरच्या वाटेवर कुणी बोलेना. आठवलं की अजून लाज वाटते.

टिळकपथ
आमच्या आजोबांनी जाळलं आहे, पण पोथी नव्हे. सत्तर-ऐंशीच्या दशकात अमुक देवीची पोस्टकार्डं यायची, आठवतंय? "हे पत्र २१ जणांना लिहा, एकानं फाडलं तर त्याचा मुलगा गेला." आई घाबरून रात्री कार्डं लिहीत बसायची. आजोबांनी एकदा सगळी उचलून बंबात घातली, त्या पाण्यानं आंघोळ केली आणि म्हणाले, "पाणी छान तापलं." मुलगा म्हणजे आमचे वडील. ते ८४ वर्षांचे होऊन गेले.

महूकर
मी महूचा, म्हणजे कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगरचा. आमच्या वस्तीत २५ डिसेंबरला मनुस्मृतीची पानं जाळतात. १९२७ साली त्याच तारखेला महाडला बाबासाहेबांच्या परिषदेत ती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते, हे मी शाळेत असताना वडिलांकडून ऐकलं. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल आमच्या माणसांना मार पडला होता. ज्या पुस्तकाच्या जोरावर पाणी नाकारलं, ते जाळलं. बाबासाहेबांनी त्याची तुलना विदेशी कापडाच्या होळीशी केली होती. कापड जाळलं ते कुणाला सुताचा राग होता म्हणून नव्हे.

आता माझं. तीन वर्षांपूर्वी पानं आणायचं काम माझ्याकडे आलं. जाळायला ती विकत घ्यावी लागते हो! खजुरी बाजारात दुकानदारानं पिशवीत घालून वर दहा रुपये सूट दिली. घरी मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही वाचली आहे का?" नव्हती वाचली. त्या रात्री वाचायला बसलो. शूद्रानं धन साठवू नये, ते पाहून ब्राह्मणाला त्रास होतो, हा श्लोक दहाव्या अध्यायात आहे. माझे वडील रेल्वेत खलाशी होते. पोस्टात त्यांचं बचत खातं होतं आणि त्याचं पासबुक ते उशाखाली ठेवून झोपायचे. सकाळी मी गेलो आणि स्वतःच्या हातानं काडी लावली. त्याआधीची सगळी वर्षं मी नुसता गर्दीत उभा होतो.

घरात एक प्रत ठेवली आहे. खुद्द बाबासाहेबांच्या लिखाणात मनूचे उतारे पानोपानी आहेत. जाळली म्हणजे वाचायची नाही, असं त्यांनी केलं नाही.

घनपाठी घराणं
महूकर, तुमचं दुःख मान्य. पण ग्रंथ जाळण्यानं माझ्या पोटात गोळा येतो. २००४ साली पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, हस्तलिखितांची धूळधाण केली. टीव्हीवर ते पाहताना माझे वडील, आयुष्यभर संस्कृत शिकवलेला माणूस, जेवता जेवता उठले. त्या जमावालाही आपण न्यायच करतोय असं वाटत होतं ना?

महूकर
ते दुसऱ्याच्या घरात घुसले होते. आम्ही छापील प्रत पैसे मोजून आणतो, आणि जगातली ती शेवटची नसते. हस्तलिखित गेलं की गेलं.

घनपाठी घराणं
हं. यावर विचार करतो.

निवृत्त काळा कोट
थोडं कायद्याचं, कारण नंतर कुणीतरी विचारणारच. एखाद्या वर्गाला पवित्र असलेली वस्तू त्यांचा अपमान करण्याच्या हेतूनं नष्ट केली तर गुन्हा. पूर्वी दंड संहितेचं कलम २९५, आता भारतीय न्याय संहितेत २९८, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. भावना दुखावण्याचं २९५अ आता २९९ झालंय, तीन वर्षांपर्यंत. हे २९५अ आलं १९२७ साली, महाडच्याच वर्षी. सगळी मदार हेतूवर. घरच्या जीर्ण पोथीला अंगणात हात जोडून अग्नी दिलात तर तो गुन्हा नाही. फक्त मोबाइलवर व्हिडिओ काढू नका. माझ्याकडे आलेल्या असल्या भांडणांत काडीपेक्षा व्हिडिओनं जास्त आग लावलेली असायची.

बांधणीवाला
बत्तीस वर्षं बुकबाइंडिंग केलं. माझे उस्ताद बंबई बाजारातले मुसलमान कारागीर. दुकानात कुराणाच्या फाटक्या प्रती यायच्या. सुटं पान जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून पाय पडणार नाही अशा जागी पुरायचे. मी विचारलं, जाळत का नाही? ते म्हणाले, खलिफा उस्मान यांनी एक पाठ कायम करून बाकीच्या प्रती जाळायला लावल्या होत्या, म्हणून काहींना तेही चालतं, "पर हमसे नहीं होता." बाजूच्या गल्लीतले सरदारजी सांगायचे, त्यांच्यात जीर्ण बीड, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबची प्रत, अग्नीलाच देतात. तिला अगन भेट म्हणतात, अगदी माणसासारखी.

ताई, लाल फडक्यातलं गुरुचरित्र टाकू नका. कसर लागली असेल तर पानं सुटी करून सावलीत वारा द्या, मऊ ब्रशनं झाडा. उन्हात ठेवू नका, कागद कडक होऊन तुटतो.

बंबाजवळची
तुमच्या लाल फडक्यामुळे लिहायला बसले, नाहीतर लिहिणार नव्हते.

माझ्या वडिलांची आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि शनिगल्लीतल्या घरी परत आली. केस काढलेली, तांबडं आलवण. सगळ्यांची सकाळची आंघोळ तिच्याकडे, म्हणजे चार वाजता उठून बंब पेटवणं. गुरुचरित्र बायकांनी वाचायचं नाही, पण सप्ताहाला स्वयंपाक तिनंच करायचा आणि दाराआड बसून ऐकायचंही. वाचायला ती भाच्यांच्या पाटीवरून शिकली.

एका वर्षी आजोबांनी दत्तजयंतीचा सप्ताह धरला. चौथ्या दिवशी तिसाव्यापासून पस्तिसाव्या अध्यायापर्यंत वाचतात. तिसावा संपला आणि हातात एकदम तेहेतिसावा आला. मधले दोन नाहीत. एकतिसाव्यात पतिव्रतेनं कसं वागावं ते आहे, बत्तिसाव्यात विधवेनं. ज्या पानावर तिसावा अर्ध्यात संपतो ते कात्रीनं सरळ कापून अर्धंच ठेवलेलं. तेहेतिसाव्याचंही तसंच. एक ओवी जास्त गेली नव्हती.

आजोबा बराच वेळ पोथीकडे बघत बसले. मग कुणाला काही न विचारता पुढचं वाचायला लागले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला नाही.

हे मला वडिलांनी सांगितलं, ते तेव्हा नऊ वर्षांचे होते. आत्यानं बंबात कागद घालताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं, रद्दी असेल. तिनं एकेक पान आधी वाचलं आणि मग आत सारलं, एवढं त्यांना आठवत होतं.

मोरटक्का रिटर्न
पुढे सप्ताह झाले की नाही?

बंबाजवळची
दरवर्षी. त्याच पोथीवर. नवी कुणी आणली नाही.

घनपाठी घराणं
नियमानं ते पारायण खंडित. (आजोबांना नमस्कार.)

पोहे-जलेबी
आमच्याकडे सगळं अटाल्यावाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला देतात, बारा रुपये किलो. मग रविवारी सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाताना हातातल्या द्रोणाखाली शिवलीलामृताचं पान निघालं. कीस संपवला. पान घडी करून खिशात ठेवलं. ते अजून पाकिटात आहे, आता त्याला हिंगाचा वास येतो.

रामबागवाली (मीच)
लग्नपत्रिका आणि चोपड्या भिजत घातल्या आहेत, लगदा करून कुंड्यांत घालीन. चाळण झालेल्या पोथ्या उद्या पहाटे अंगणात, तुपाचं बोट लावून. मावशींना बोलावलं आहे, कल्पना त्यांचीच होती. दीर येणार नाहीत म्हणाले, मग फोन करून किती वाजता म्हणून विचारलं.

गुरुचरित्राचं फडकं काल रात्री सोडलं. एकतिसावा आणि बत्तिसावा आहेत, मोजून पाहिले. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय शोधते आहेस?" त्यांना काय सांगू? पोथी परत बांधली. टेम्पो शनिवारी येतो.