बोलोन्यात अस्सल तिथलं जेवण कुठे?

मे महिन्यात आईबाबांना घेऊन इटलीतल्या बोलोन्याला जातोय. आई शाकाहारी, अंडं चालतं. तिथले लोक स्वतः आवडीने जेवतात ते खायचंय. अनुभव जरूर लिहा.

*

शिकायला होते तिथे. तोर्तेल्लिनी, म्हणजे मांसाचं सारण भरलेला छोटा पास्ता, ब्रोदोतच घ्या, म्हणजे मांसाच्या निथळ रश्श्यात, क्रीममधले नकोत. पारी लाटणारी बाई पाहिलीत की हॉटेल निवडायला वेगळं काही विचारावं लागत नाही. हातभर लांब लाटणं, पिवळीधमक पारी इतकी पातळ की खालच्या फळीच्या रेषा दिसाव्यात. बोटाच्या पेराएवढ्या चौकोनात सारण ठेवून ती क्षणात टोकं जुळवते. व्हिया बेल्ले आर्तीवरचं ‘त्रात्तोरिया आन्ना मारिया’ मला यासाठीच प्रिय आहे.

रागू, म्हणजे खिम्याचा सॉस, तिथे स्पॅगेटीवर नाही, तालियातेल्ले या चपट्या पट्ट्यांच्या पास्त्यावर खातात. शिजल्यावर पट्टी ८ मिमी रुंद हवी, आणि त्या मापाची सोन्याची पट्टी १९७२ पासून तिथल्या व्यापार मंडळात जपून ठेवलीय! बाबा गोमांस खात नसतील तर रागू टाळा, सॉसेजवाला ग्रामिन्या पास्ता मागवा. ब्रोदोतही बहुतेक गोमांस असतं.

*

आईंसाठी तोर्तेल्लोनी. आकाराने मोठे, आत रिकोता चीज आणि पार्सली, वर लोणी आणि सेजची पानं. मी शाकाहारी, हेच मनापासून खाल्लं. मात्र पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं. त्यांना चालत नसेल तर आधीच सांगा. कांदा-टोमॅटोचं फ्रिज्जोने दिसायला निव्वळ भाजी, पण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. क्रेशेन्तिने या तळलेल्या पावांचंही तेच. ‘स्त्रुत्तो?’ म्हणजे ‘डुकराची चरबी?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

*

क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजारातल्या गल्ल्यांत दुपारी जा. दुकानदार मोर्तादेल्ला या डुकराच्या मांसाच्या जाड सॉसेजचे कागदासारखे काप करून पुडीत बांधून देतो. ती पुडी, पाव आणि चीज घेऊन ‘ओस्तेरिया देल सोले’त बसायचं. १४६५ पासूनची जागा. तिथे फक्त पेयं मिळतात, खाणं आपलं आपण न्यायचं. लाकडी बाकांवर शेजारचे आजोबा आपल्या पुडीतलं पुढे करतात. बाबांना नक्की न्या.

*

रविवारी रात्री बऱ्याच जुन्या खाणावळी बंद असतात, शनिवारी जायचं तर आधी टेबल सांगून ठेवा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडे युरो लागतात, ती तिथली रीतच आहे.