मदत हवी आहे: एअर फ्रायरमधे मॅरिनेट केलेले चिकन विंग्ज

एअर फ्रायरमधे विंग्ज नेहमी करणाऱ्यांनी प्लीज सांगा. दही, आलं-लसूण पेस्ट, हळद, मालवणी मसाला आणि लिंबू लावून विंग्ज रात्रभर फ्रीजमधे ठेवते, चव एकदम मस्त उतरते पण स्किन काही कुरकुरीत होत नाही, दह्याचं पाणी सुटतं आणि विंग्ज तळल्यासारखे न होता वाफवल्यासारखे होतात. २०० डिग्रीवर लावले तर वरचा मसाला आधी काळा पडतो आणि हाडाजवळ कच्चं राहिलंय की काय अशी धाकधूक. आतलं तापमान ७४ डिग्री झालं की चिकन शिजलं हे माहितीये, थर्मामीटर आहे घरी, तो प्रश्न नाही. प्रश्न कुरकुरीतपणाचा आहे.

दही मलमलच्या फडक्यात टांगून चक्का करून लावू का? की दही बादच करून कोरडा मसाला आणि थोडी बेकिंग पावडर चोळू? आधी १८० वर शिजवून शेवटची ४-५ मिनिटं २०० वर कोणी करतं का? आणि हो, स्किनसकट विंग्ज मिळवायला चिकनवाल्याला आधीच सांगावं लागतं, नाहीतर तो सोलूनच देतो, तर बिनस्किनच्या विंग्जना तांदळाचं पीठ चालेल का तेही सांगा. रविवारी भाचरं येतायत, त्यांना मनापासून खाऊ घालायचेत.