आदाम ९३० वर्षं जगला, मग ‘त्या दिवशी मरशील’ हे गावात कसं समजवायचं?

पऱ्हाटी_यवतमाळ:
जय ख्रिस्त. गावात रविवारी उपासनेनंतर पाऊण तास वचनाचा अभ्यास असतो. कास्तकार आणि मजूर बसतात, निम्म्यांना वाचता येत नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा ३ रा अध्याय (आदाम-हव्वा मना केलेलं फळ खातात तो) आला की तेच तीन प्रश्न निघतात. देव म्हणाला ‘ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील’, पण ५:५ मध्ये आदाम ९३० वर्षं जगला. मग देवाचा शब्द खोटा का? आत्म्याने मेलेला माणूस वावरात राबतो, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावतो, तो मेलेला कसा? आणि आदामाचा दंड आमच्या लेकरांना कशाला? बांधावर बसून सांगता येईल असं सांगा.

मूळभाषा_वाचक:
भाऊ, पहिल्या प्रश्नापासून घेतो. मूळ हिब्रूत ‘मोत तमूत’ आहे, म्हणजे ‘मरणे’ हे क्रियापद दोनदा. त्याने खात्री दाखवली जाते, म्हणून मराठीत ‘खास मरशील’ आलं. हीच रचना १ राजे २:३६-४६ मध्ये शिमी नावाच्या माणसासाठी आहे. शलमोन राजा त्याला सांगतो, ज्या दिवशी यरुशलेम सोडून किद्रोनचा ओढा ओलांडशील त्या दिवशी खास मरशील. शिमी पळालेले दास आणायला गथला जातो, परत येतो, आणि मग मारला जातो. त्या दिवशी शिक्षा पक्की झाली, अंमल नंतर झाला. आदामाचंही तसंच. उत्पत्तीच्या ५ व्या अध्यायात आदामाच्या वंशावळीत ‘आणि तो मरण पावला’ हे ८ वेळा येतं, त्यांच्यामधला फक्त हनोख सुटतो. हे मोठ्याने वाचून घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकूनच कळतं.

पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. ३:८ मध्ये देवाची चाहूल लागताच दोघं झाडांत लपतात. ज्याच्याशी बोलणं होतं त्याचीच भीती वाटू लागली. ३:१२ मध्ये आदाम बायकोवर बोट ठेवतो, तिला दिलं म्हणून देवावरही. ३:२४ ला जीवनाच्या झाडाची वाट बंद. ‘आत्मिक मरण’ हा शब्द उत्पत्तीत नाही, हे प्रामाणिकपणे सांगा. तो विचार नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांवरून, इफिस २:१ आणि कलस्सै २:१३ वरून बांधलेला आहे.

मर_आणि_कलम:
दुसऱ्या प्रश्नात गोंधळ होतो तो ‘आत्मा अमर’ हे लहानपणापासून ऐकलेलं असल्यामुळे. ‘आत्म्याने मेला’ म्हटलं की लोकांना वाटतं आत्मा नष्ट झाला. आधी हे साफ करा: नष्ट नाही झाला, देवापासून तुटला. लूक १५ मधला धाकटा मुलगा परमुलखात डुकरं चारत होता, श्वास चालू होता. तरी बाप म्हणतो, ‘हा माझा मुलगा मेला होता’. माझ्या मते या प्रश्नाला याहून सोपं उत्तर नाही.

दाखवायला काही हवं असेल तर तुरीवरचा मर रोग घ्या. फुलोऱ्याच्या किंवा शेंगा भरण्याच्या वेळी, झाड वरून बरंचसं हिरवं असताना खोडाची साल खरवडा. आत काळपट-तपकिरी रेघ दिसते. बुरशीने पाणी चढायच्या नळ्या बंद केलेल्या असतात. पानं हिरवी, पण मुळाचं पाणी तुटलेलं. मर लागलेलं झाड फवारून परत येत नाही, आणि इफिस २:५ हेच म्हणतं: देवाने ‘जिवंत केलं’. सुधारलं असं म्हणत नाही. मात्र दाखला इथेच सोडा. मर लागलेलं झाड आपण उपटतो, देवाने उपटलं नाही. ३:२१ ला त्याने स्वतः चामड्याची वस्त्रं करून घातली.

शेजाऱ्याच्या मदतीला धावणं खोटं आहे असं कधीच म्हणू नका. उत्पत्ती ९:६ मध्ये, पतनानंतरही (आदाम पापात पडल्यावरही), माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे असंच लिहिलं आहे. चांगुलपण खरं आहे. त्याने तुटलेलं नातं जोडलं जात नाही, एवढंच.

शांतपणे_वाचा:
तिसऱ्या प्रश्नावर मंडळ्यांमध्येच एकमत नाही. तुमच्याकडे कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पेंटेकॉस्ट एकत्र बसत असतील तर आधीच सांगून टाका. पौलाच्याच पत्रातल्या रोम ५:१२ च्या शेवटी मूळ ग्रीकमध्ये जे आहे त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा घेतात. मंडळीचा जुना शिक्षक ऑगस्टीन (३५४–४३०) याच्या हातातल्या लॅटिन भाषांतरात ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं’ असं होतं. पश्चिमेकडच्या मूळपापाच्या शिकवणीला तिथून बळ मिळालं. कॅथलिक शिकवणीत मूळपाप हे लेकराने केलेलं पाप नाही. मूळची पवित्रता न मिळालेली अवस्था आहे. ऑर्थोडॉक्स म्हणतात, मरण आणि बिघाड वारशाने येतो, दोष नाही. रिफॉर्म्ड (काल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्या आदामाला सर्वांचा प्रतिनिधी मानतात, दोषही मोजतात. कोणी यहेज्केल १८:२० काढेलच (मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही). ते वचन दाबू नका, वाचा.

आणि कळकळीची विनंती: ‘जन्मतःच पापी’ हे शब्द आपल्या गावांत जपून वापरा. ज्यांच्या आज्या-पणज्यांना जन्मावरूनच विहिरीपासून दूर ठेवलं, त्यांच्या कानावर ते वेगळेच पडतात. रोम ३:२२-२३ ने सुरुवात करा: भेद नाही, सर्वांनी पाप केलं. मालगुजाराचा वाडा आणि गावकुसाबाहेरची वस्ती, सगळे त्याच ओळीत. मग रोम ५:१५ आणि ५:१७ घ्या. पौलाचा जोर आदामावर नाही, ‘कितीतरी विशेषेकरून’ कृपेवर आहे.

पऱ्हाटी_यवतमाळ:
शिमीचा दाखला नवा मिळाला. पाऊण तासात एवढं बसेल का जी? आणि चित्रातलं सफरचंद?

मूळभाषा_वाचक:
नाही बसणार. पहिल्या रविवारी उत्पत्ती २:१६-१७, ३:१-२४, ५ वा अध्याय आणि शिमी. दुसऱ्या रविवारी लूक १५:११-२४ आणि इफिस २:१-५. रोम ५ ला अख्खा तिसरा रविवार ठेवा, घाई केली की वाद होतो. सफरचंद वचनात नाही, फक्त ‘फळ’ आहे. अंजिराची पानं तेवढी ३:७ मध्ये आहेत. चित्र लावायचंच असेल तर फळाचं नाव न घेता लावा.