शेताकडचा कच्चा रस्ता: मुरूम कोणी टाकायचा?

सुदामानगरची ताई (धागा)
इंदूरबाहेर खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे आम्ही तीन वर्षांपूर्वी सव्वा बिघा जमीन घेतली. पक्क्या सडकेपासून फाटकापर्यंत 900 मीटर कच्चा रस्ता. मे महिन्यात बघायला गेलो तेव्हा गाडी सरळ गेली, म्हणून रस्त्याचा विचारच केला नाही. जुलैत चाकं काळ्या मातीत रुतली, ट्रॅक्टर बोलावून ओढून काढावी लागली. त्यानंतर दोन खेपांत 14 डंपर मुरूम टाकला, सगळा आमच्या पैशानं. त्याच रस्त्यानं चार शेतकऱ्यांच्या सोयाबीनच्या ट्रॉल्या जातात, आणखी पाच फार्महाऊसवाले जातात. कुणी एक रुपया दिला नाही. विकणारा एवढंच म्हणाला होता, 'रस्ता तर आहेच.' माझं मत असं की जो जितका वापरतो, त्यानं तितका खर्च द्यावा.

देपालपूरचा शेतकरी
ताई, मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडेही असेच गोये, म्हणजे शेतातल्या गाडीवाटा, आहेत, आज्याच्या वेळेपासून. बैलगाडी जायची, झडीत रस्ता चार दिवस बंद पडायचा, तेवढं धरूनच आम्ही कामं आखायचो. तो उखडला कधी? शहरातून लोक आले, घरं बांधायला गिट्टीचे आणि विटांचे डंपर भर पावसात घातले, तेव्हा. आम्हाला ऑक्टोबरात सोयाबीन आणि मार्चमध्ये गहू काढायला रस्ता लागतो. दर रविवारी कार न्यायची गरज तुमची आहे, मग मुरूमही तुमचाच. आणि रस्त्याखालची जमीन कुणाच्या तरी खात्यातून गेलेली असते. ती तुम्ही खर्चात कधीच धरत नाही.

ताई
दादा, भरलेली ट्रॉली कारपेक्षा कितीतरी जड. ओल्या मातीत खोल चाकोऱ्या तिच्याच पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डंपरचं मात्र खरं आहे, आमचेही गेले.

रामबागेतला वकील
आधी पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) गावाचा नक्शा आणि खसरा, म्हणजे जमिनीची सरकारी नोंद, काढा. रस्ता तिथे शासकीय लिहिलाय की कुणाच्या मालकीच्या जमिनीतून जातो, यावर सगळं ठरतं. दुसऱ्याच्या जमिनीतून फक्त जाण्याचा हक्क असेल तर 1882 चा सुविधाधिकार कायदा लागतो, इथल्या कोर्टात त्याला सुखाचार म्हणतात. कलम 25 प्रमाणे रस्ता वापरण्याजोगा ठेवायचा खर्च हक्क वापरणाऱ्यानं सोसायचा. कलम 27 प्रमाणे जमीनमालकानं त्यासाठी काही करण्याचं बंधन नाही. म्हणजे ज्याच्या शेतातून रस्ता जातो त्याच्याकडे तुम्हाला मुरूम मागता येणार नाही. बाकीचे फार्महाऊसवाले मात्र तुमच्यासारखेच हक्क वापरणारे आहेत. मागायचं तर त्यांच्याकडे मागा.

पुण्याहून एक वाचक
मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली अर्ज करा. आमच्या गावात रस्ता त्यानंच मोकळा झाला.

रामबागेतला वकील
तो महाराष्ट्रातला मार्ग, इथे चालत नाही. सातबाराच्या जागी आपल्याकडे खसरा आणि बी-1, आणि रस्त्याच्या वादाला मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959, कलम 131. तहसीलदार जागेवर चौकशी करून पूर्वीची वहिवाट आणि सगळ्यांची सोय पाहून निर्णय देतो. पण ते कलम शेतकऱ्याला शेतात पोचण्यासाठी आहे. त्यानं वाट मिळते, मुरूम मिळत नाही.

महूचे काका
मग पंचायत कशाला आहे? इंदूर शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतं आणि शहराच्या वेशीबाहेर चिखल. सडक योजना आहेत, अर्ज करायला हवा.

देपालपूरचा शेतकरी
काका, प्रधानमंत्री ग्राम सडक योजना 2000 साली आली ती वस्त्या जोडायला, सपाट भागात 500 लोकसंख्येच्या वस्त्या. सहा फार्महाऊस म्हणजे वस्ती नव्हे. आमच्या पंचायतीजवळ पैसा आला तर तो आधी शाळेच्या रस्त्याला लागावा, असं मी ग्रामसभेत उभं राहून बोलेन.

निवृत्त बांधकाम अभियंता, टिळकनगर
पैसे कोणाचे यावर भांडताय, पण 14 डंपर गेले कुठे ते कुणी विचारलं नाही. ते खाली गेले. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते, मऊ होते, आणि वरचं वजन मुरूम तिच्यात दाबतं. दरवर्षी टाकाल, दरवर्षी गिळेल. आधी पाणी बाहेर काढा. दोन्ही कडांना नाली खोदा, तिला उतार देऊन ओढ्यापर्यंत न्या. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता करा. शेताचं पाणी जिथं रस्ता ओलांडतं तिथं सिमेंटचा पाइप टाका. मग खाली दगड, वर मुरूम, पाणी मारून रोलर. हे एप्रिल-मेमध्येच करायचं, पाऊस पडल्यावर हात लावू नका. आणि नाली बुजवून तिथवर पेरणी करणाऱ्यालाही थांबवायला हवं. रस्ता मरतो तो बहुतेक तिथूनच.

देपालपूरचा शेतकरी
नालीचं बोलणं खरं आहे. आमच्यातले काही जण कडेपर्यंत नांगर घालतात, ते चूकच. पण ताई, वापराचा हिशेब मांडून शेतकऱ्याच्या दारात पैसे मागायला जाऊ नका, दार बंद होईल. गहू निघाल्यावर ट्रॅक्टर रिकामा असतो, दोन दिवस मागा. देतील.

ताई
काल पटवाऱ्याकडून नक्शा आणला. पहिले 600 मीटर शासकीय रस्ता. शेवटचे 300 मीटर अजून विकणाऱ्याच्याच नावावर, आणि आमच्या रजिस्ट्रीत त्या रस्त्याचा एक शब्द नाही. उद्या त्यानं तो तुकडा दुसऱ्याला विकला तर आम्ही काय दाखवणार? मुरूमाआधी हेच सोडवायला हवं. पाचही फार्महाऊसवाल्यांना रविवारी बोलावलंय. विकणाऱ्याकडून जाण्यायेण्याच्या हक्काचा दस्त सगळ्यांच्या नावे रजिस्टर करून घ्यायचा, आणि त्या 300 मीटरचा खर्च आम्ही सहा जणांनी सारखा वाटायचा. शासकीय भागाचा अर्ज पंचायतीत देतेय. शेतकऱ्यांनीही वाटा द्यावा असं मला अजून वाटतं, पण एप्रिलमध्ये आधी ट्रॅक्टर मागून बघते.

रामबागेतला वकील
दस्तात रुंदी फुटांत लिहा, चतुःसीमा लिहा, नाली खोदण्याचा आणि दुरुस्तीचा हक्कही लिहा. नुसतं 'रस्ता आहे' लिहून आणू नका.