साडेचार वर्षांच्या पोराबरोबर घरचा आकाशकंदील: हौस नक्की कुणाची?

खटपट्या_बाप
गेल्या वर्षी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी मी आणि माझा साडेचार वर्षांचा मुलगा कंदील करायला बसलो. तासलेल्या बांबूच्या काड्या, पतंगी कागदाचे चार ताव, दोरा, वाटीभर खळ, सगळा जामानिमा. पहिल्या दहा मिनिटांत त्याने दोन काड्यांची तलवारबाजी केली. पुढच्या दहा मिनिटांत खळ चाटून पाहिली. मग सोफ्याखाली गाडी शोधायला गेला तो गेलाच. कंदील मी केला, रात्री साडेअकरापर्यंत बसून. सकाळी बायकोने आमचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, 'पिल्लूने केलेला कंदील'. बदामांचा पाऊस! पिल्लूचं योगदान एक मोडलेली काडी.

तर माझं म्हणणं असं की सहाच्या आतल्या मुलाबरोबर कंदील करणं ही निव्वळ आई-बापाची हौस आहे. जरूर करा, पण मुलाच्या नावावर खपवू नका. त्याला चार पणत्या आणि रंग द्या, कंदील विकत आणा. बोला.

शेपटीवाली
अजिबात पटलं नाही. तुम्ही त्याला अख्खा कंदील दाखवलात, त्याचं काम काय ते कुठे दाखवलंत? सांगाडा मोठ्यांचाच असतो. सहा चौकोन बांधायचे, ते कोपऱ्याला कोपरा जोडायचे, मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. चोवीस काड्या. ते साडेचार वर्षांच्या बोटांना कसं जमेल? मी सांगाडा आदल्या रात्रीच बांधून ठेवते.

मुलांचं काम म्हणजे शेपट्या. आमची चार वर्षांची होती तेव्हाचं सांगते. वीतभर रुंद पट्ट्या कापून दिल्या, वरून दोन बोटं सोडून पेन्सिलने रेघ मारली आणि म्हटलं, "कात्री इथे आली की थांबायचं." पहिल्या तीन पट्ट्यांचे तुकडे झाले. चौथीला रेघेपाशी आली, श्वास रोखला, कात्री उघडली आणि कागद तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. काप सरळ नव्हते, एक झिरमिळी बोटाएवढी जाड तर शेजारची दोऱ्यासारखी. पण अर्ध्या तासात पाच शेपट्या झाल्या. रोज संध्याकाळी दिवा लागला की खाली उभी राहून ती स्वतःच्या पाच मोजायची. उरलेल्या सात माझ्या, त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही.

फोटोचं म्हणाल तर तो मुद्दा मान्य. पण तो तुमच्या ग्रुपचा प्रश्न आहे, कंदिलाचा नाही.

खटपट्या_बाप
पाच शेपट्या तिच्या, सांगाडा आणि सात शेपट्या तुमच्या. म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की!

शेपटीवाली
घरात पोळ्या कोण करतं? त्यातली एक वेडीवाकडी पोळी पोराने लाटली, तर ती त्याचीच असते ना?

सदाशिवपेठी_काका
दोघेही चुकताय. त्या वयाला किल्ला. पहिल्या मिनिटापासून हात चिखलात, कात्री नको, खळ नको. हळीव पेरा, तीन-चार दिवसांत डोंगर हिरवागार. आणि पायथ्याशी शिपायांसोबत डायनासोर उभा केला तरी महाराज काही रागावत नाहीत.

चौथा_मजला
काका, माती कुठून आणू? सोसायटीच्या बागेतली उचलली तर सेक्रेटरींचा मेसेज येतो.

सदाशिवपेठी_काका
कुंडीतली घ्या आणि बाल्कनीत परातीत करा. पुण्यात काय वाडे उरलेत का आता?

माहीमकर
मी विकतच्या बाजूने, पण कारण वेगळं. आमच्या इथल्या कंदील गल्लीत दिवाळीच्या आधी संध्याकाळी एकदा पोराला घेऊन चक्कर मारा. डोक्यावर कंदीलच कंदील. हाताने केलेले कापडी, कागदी असतात, ते करणाऱ्यांची वर्षाची कमाई या थोड्या दिवसांवर असते. मुलाला भाव विचारू दे, रंग निवडू दे. तेही शिक्षणच. फक्त घडीचे प्लास्टिकचे घेऊ नका, दोन वर्षांत रंग उडतो आणि माळ्यावर पडून राहतात.

बालवाडीची_आई
खटपट्या बाप यांना माझं अर्धं अनुमोदन. मुलीच्या शाळेत (नाव कशाला?) 'मुलांनी स्वतः केलेला कंदील' अशी स्पर्धा होती. आम्ही प्रामाणिकपणे घोटीव कागदाच्या पट्ट्यांचा, गोंदाने बरबटलेला नेला. पहिला नंबर आलेल्या कंदिलावर जाळीदार मोर होता, तोही लेझरने कापलेला. मोठा गट आणि लेझर! परीक्षकांनी विचारलं, "तूच केलास ना बाळा?" बाळाने मान डोलावली. घरी करायला माझी ना नाही, पण त्याची स्पर्धा झाली की आई-बापांचीच होते.

आजी_ऑनलाइन
खळीत चिमूटभर मोरचूद घाला रे मुलांनो, झुरळं लागत नाहीत. आम्ही कायम घालत असू.

शेपटीवाली
आजी, रागावू नका, पण लहान मूल असलेल्या घरात मोरचूद नकोच. विष आहे ते, आणि या धाग्याची सुरुवातच खळ चाटण्यापासून झाली आहे! कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत टिकला की पुरे. तेवढ्यात झुरळांनी एखादा कोपरा खाल्ला तर खाऊ दे.

आजी_ऑनलाइन
बरं बाई. आमच्या वेळी पोरं खळ चाटत नव्हती. की चाटत होती कोण जाणे, आम्ही कुठे बघत बसलो होतो? बल्बाचं तरी ऐका, कागदाला चिकटू देऊ नका. साठचा पिवळा लावून आमचा एक कंदील तपकिरी झाला होता.

माहीमकर
आता एलईडी लावतात आजी, तेवढा तापत नाही. पाण्याचं बघा. २०१९च्या दिवाळीत पाऊस आठवतोय? आमच्या चाळीत कागदी कंदिलांचा लगदा झाला होता, तरले फक्त कापडी.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. इथे पतंगी कागद मिळत नाही, भेटवस्तू गुंडाळायचा टिश्यू वापरतो आणि काड्या कबाबच्या, टोकं आधी कापून. लेक पाच वर्षांची. शेजारच्या आजोबांनी "हॅलोविनचं अजून उतरवलं नाही का?" विचारलं, तेव्हा तिने त्यांना ओढत आणून कुठली शेपटी कुणी लावली ते सांगितलं. हौस माझी होती हे कबूल. पण बाहेरच्याला समजावून सांगताना ती तिची झाली होती, एवढं मी पाहिलंय.

खटपट्या_बाप
एडिसनकर, तुमची लेक पाचची, माझा तेव्हा साडेचारचा. मत बदललेलं नाही, नोंद घ्यावी. पण आज सकाळी चिरंजीवांनी स्वतःहून विचारलं, "बाबा, काठ्यांचा कंदील कधी?" काठ्या म्हणजे तलवारी हे मला ठाऊक आहे. तरी यंदा सांगाडा रात्री बांधून ठेवतो, त्याला रेघ मारलेल्या पट्ट्या देतो. शेपटीवाली ताई, खळीचं प्रमाण सांगा, गेल्या वर्षी गुठळ्या झाल्या होत्या.

शेपटीवाली
दोन मोठे चमचे मैदा, कपभर पाणी. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळा. दुधट रंग जाऊन चकाकी आली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच पोराच्या हातात द्या.

खटपट्या_बाप
मैदा शंकरपाळ्यांसाठी मोजून आणलाय म्हणतात घरून. विचारून बघतो.